मुलीच्या वतीने बोलणारा बाप

मंडळी, एक साधा प्रश्न. भूक तुम्हाला लागली आणि जेवला शेजारी, तर तुमचं पोट भरतं का? नाही ना. मग पोर आपलं आणि त्याचं ऐकून घ्यायचं दुसऱ्यानं, हे कसं चालतं? नवविधा भक्तीत पहिली कोणती? श्रवण. कीर्तन दुसरी. म्हणजे इथं उभा राहून बोलणाऱ्या माझा नंबर दुसरा, पहिला ऐकणाऱ्याचा. पण आपल्याकडं पहिला नंबर कुणाला नकोच. सगळ्यांना बोलायचंय.

ऐका तर. अंबाजोगाईत विश्वंभर नरवाडे नावाचे गृहस्थ. सिमेंटची एजन्सी, शाळेच्या पालक संघाचे अध्यक्ष, आणि वक्ते. वक्ते कसे? बारशाला बोलावलं तरी पाळण्याची दोरी धरून 'आजची पिढी' या विषयावर बोलणार. बाळ झोपायचं. बाकीचेही झोपायचे.

त्यांच्या शाळेनं मुलांच्या मनासाठी ऑनलाइन कार्यक्रम आणला. मुलांनी मोबाइलवर मन कसं आहे ते सांगायचं, धडे ऐकायचे, आणि गरज वाटली तर लातूरच्या समुपदेशक मॅडम पडद्यावर येऊन बोलणार. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. उद्घाटनाला विश्वंभरराव म्हणाले, "पालकहो, मुलांचे मित्र व्हा." काय टाळ्या पडल्या.

आणि या मित्राच्या घरी काय? एकुलती मुलगी संपदा, दहावीत. पूर्वी शाळेतून आली की चपला काढता काढता बोलायला लागायची. ती बोलेनाशी झाली. ताटातलं तसंच राहायचं. आई नंदाताई काळजीत. विश्वंभरराव म्हणायचे, "वयच आहे ते."

त्या कार्यक्रमाकडून पालकांना मेसेज आला — 'रोज थोडा वेळ मुलाजवळ बसा. सल्ला देऊ नका, ऐका.' विश्वंभररावांनी वाचला. त्यांना फार आवडला. आणि काय केलं? मुलीजवळ बसले? छे. पालकांच्या ग्रुपवर पुढं पाठवला, खाली लिहिलं, 'विचार करण्यासारखे.' आणि तोच मेसेज संपदालाही पाठवला. ती पलीकडच्या खोलीत होती, मंडळी. मध्ये एक भिंत.

मग मॅडमनी भेटीची वेळ दिली. रेवती हिंगमिरे त्यांचं नाव. संपदा लॅपटॉपसमोर बसली, आणि शेजारी खुर्ची ओढून कोण बसलं? बरोबर.

मॅडम म्हणाल्या, "संपदा, झोप लागते का गं?"

"लागते," विश्वंभरराव म्हणाले.

"जेवण?"

"व्यवस्थित."

"संपदा, तुला स्वतःला कसं वाटतंय?"

"तिला छान वाटतंय, मॅडम. थोडा आत्मविश्वास कमी आहे, तेवढं बघा."

हसा, हसा. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबता?" अध्यक्षांना त्यांच्याच घरात बाहेर काढलं. गेले. पण दाराला कान लावून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला उभे राहिले, तेही चोरून.

आत प्रश्न तोच. मॅडमनी घाई केली नाही. मग संपदा बोलायला लागली. वक्तृत्व स्पर्धेत बाबांनी नाव दिलं होतं, बाबांनीच भाषण लिहिलं होतं. मधेच ती विसरली, अडखळली. कुणीतरी व्हिडिओ काढला, वर्गात मुलं तिची नक्कल करायला लागली.

"मुलं हसली, त्याचं आता एवढं नाही वाटत," ती म्हणाली. "पण गाडीत बाबा एवढंच म्हणाले, माझं नाक कापलंस. मग घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी जाग आली की वाटतं, डोळे उघडायलाच नको होते."

असं लेकरानं म्हटल्यावर बापाच्या काळजाचं पाणी व्हावं. यांचं काय झालं? यांचं डोकं तापलं. घरातलं बाहेर सांगते! दार ढकलून आत आले आणि लॅपटॉप मिटला.

संपदा रडली नाही. खाली बघून म्हणाली, "सॉरी, बाबा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हिंगमिरे मॅडम.

"तिला आता एकटीला सोडू नका," त्या म्हणाल्या. "आजच मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. मी नाव देते."

"मॅडम, आमच्या घरच्या गोष्टी—"

"साहेब, मला ती पडद्यावर खांद्यापर्यंत दिसते. तरी मला कळलं. तुम्ही एका घरात राहता."

विश्वंभररावांनी फोन ठेवला. त्यांनी मुलीकडं पाहिलं. मनगटं किती बारीक झाली होती तिची, ते त्यांना त्या क्षणी दिसलं. खाली फरशीवरच बसले.

"बाळा, मला सांग. मी ऐकतो."

"तुम्ही मध्ये बोलता."

"नाही बोलणार."

ती बोलायला लागली. दोन वाक्यं झाली असतील, यांचं सुरू — "पण बाळा, त्या दिवशी मी—" ती थांबली. विश्वंभररावांनी तोंडावर हात धरला. लहान पोरासारखा. ती पुन्हा बोलायला लागली. जे ऐकलं ते कडू होतं. सगळं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाले, "माझं चुकलं." आणि नंदाताईंना हाक मारून तिघं लातूरला निघाले.

पोरगी लगेच बरी झाली असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल. तसं होत नसतं. औषधं चालू झाली, मॅडमशी बोलणं चालू राहिलं, दार लावून. काही दिवस चांगले, काही वाईट. वाईट दिवशी विश्वंभरराव तिच्याजवळ नुसते बसायला शिकले. पालक संघानं पुन्हा भाषणाला बोलावलं तेव्हा म्हणाले, "दुसरा बघा." लोकांना वाटलं, गर्व चढला.

आता तुमच्याकडं येतो. 'तिला छान वाटतंय' म्हटल्यावर तुम्ही खो-खो हसलात ना? मी वरून बघत होतो. जे मोठ्यानं हसले, त्यांची पोरं कुठं आहेत आत्ता? इथं नाहीत. त्या पोराला शेवटचं काय विचारलं होतं? चाचणीत किती पडले. आणि त्याचं उत्तर संपायच्या आत तुमचा उपदेश सुरू. पोरं परक्या बाईशी बोलतात म्हणून रागावता? ती बाई गप्प बसते, मंडळी. तेवढंसुद्धा तुमच्यानं होत नाही.

आज मला हार नको, नारळ नको. प्रसाद घ्या, घरी जा. पोराशेजारी बसा. त्याला काय झालंय ते विचारा, आणि देवाच्या नावानं तोंड मिटा.