पडद्याकडे पाठ

…आणि वरून मलाच विचारतात, "सर, कशी वाटली मॅच?" आता काय सांगू? तुम्हाला सांगतो, दिग्रसच्या त्या हॉलमध्ये अडीचशे माणसं होती, अडीचशेच्या अडीचशेंनी मॅच पाहिली, आणि ज्याचा मुलगा भारताकडून खेळत होता तो बाप तेवढा खुर्चीत बसून पब्लिक पाहत होता! अंगावर शाल! ऑक्टोबरच्या उकाड्यात!

तुम्ही म्हणाल, मॅच दिवसभर चालते, थोडी हुकली तर काय बिघडलं? अहो, क्रिकेट नव्हे ते! रग्बी! त्यातही छोटी, सेव्हन्स म्हणतात तिला, आशियातल्या देशांची स्पर्धा. सात गडी इकडे, सात तिकडे, लांबट चेंडू कवटाळून पळायचं पुढे आणि द्यायचा मात्र मागच्याला, आणि सात मिनिटं झाली की अर्धी मॅच संपली, आणखी सात झाली की सगळीच! चौदा मिनिटं हो, फक्त चौदा! आमच्याकडे चौदा मिनिटांत चहाचं पातेलं गॅसवर चढत नाही.

धम्मरत्न माझा मुलगा. इथं कबड्डीत पकडीला उभा राहायचा. पुण्याला नोकरीला लागला, तिथं कुणीतरी हा चेंडू त्याच्या हातात दिला. मी कुरकुरलो, हे काय नवीन? त्याची आई, नलू, म्हणाली, "खेळू द्या न त्याले. धरपकडच तर हाये, फक्त बॉल वाढला." तिला जे एका वाक्यात कळलं, ते कळायला मला चार वर्षं लागली. दीड वर्षापूर्वी ती गेली, आणि भारताच्या संघात त्याची निवड झाली यंदा. म्हणजे ही मॅच मला दोघांच्या वाट्याची पाहायची होती. एवढंच. जास्त काही मागितलं नव्हतं.

घरी मोबाइलवर पाहिली असती, संपला विषय. पण इंद्रजीत, आमच्या वॉर्डातला कार्यकर्ता, माझाच जुना विद्यार्थी, दारात हजर! "सर, एकटे कायले पाहता? अख्खं दिग्रस पाहीन! पडदा लावतो, साउंड लावतो, तुमी फक्त येजा!" आता इतक्या मायेनं बोलला… आणि दीड वर्ष टीव्ही मी एकट्यानंच पाहतोय… हो म्हणून बसलो.

मॅच अकरा वीसला. कार्यक्रम साडेदहाला, म्हणजे आपलं साडेदहा! प्रमुख पाहुणे उगवले अकरा पाचला. त्रिशरण-पंचशील झालं, वेळेत झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नंतर? पडद्याचं उद्घाटन! पडद्याला आडवी लाल फीत बांधली होती हो! आणि कात्री सापडेना! शेवटी कुणीतरी दातानं तोडली. मग इंद्रजीत माईकवर, "आजचे सत्कारमूर्ती, आपले लाडके सर, यांनी विचारपीठावर स्थानापन्न व्हावं!" झालो. आणि झाल्यावर लक्षात आलं, पडदा मागच्या भिंतीवर आणि आमच्या खुर्च्यांची तोंडं पब्लिककडे!

खुर्ची हळूच वळवायला गेलो, तर इंद्रजीत कानाशी, "सर, पब्लिककडं पाठ? बरं नाही दिसत." मान वळवली, तर फोटोग्राफर, "सर, इकडं पाहा, इकडं!" तेवढ्यात मागं शिट्टी वाजली. सुरू! आणि इंद्रजीत ओरडतो, "साउंड बंद करा बे, प्रास्ताविक चालू हाये!"

चौदा मिनिटं हो! त्यातली सात प्रास्ताविकानं खाल्ली. मध्यंतरात मात्र सगळे गप्प! माईक बंद, फोटोग्राफर पाणी प्यायला गेलेला, मी झटकन वळून पाहिलं तर पडद्यावर टायरची जाहिरात! मैदानात शिट्टी झाली की इकडे माझा सत्कार सुरू. खांद्यावर शाल, हातात नारळ, "सर, स्माइल!"

समोर पहिल्या रांगेत बशीरभाई, गॅरेजवाले, माझे तीस वर्षांचे दोस्त; शेजारी लालीबाई, नलूची मैत्रीण. बशीरभाई उठून ओरडले, "मास्तर! अपना धम्मू उतरा!" मी वळणार, तर पाहुण्यांनी हार घातला.

मग मी ठरवलं, जाऊ दे. समोरच पाहू.

तुम्हाला सांगतो, अडीचशे माना एकदम डावीकडे गेल्या. थांबल्या. बशीरभाईंनी स्वतःचाच गुडघा धरला, म्हणजे पोराला कुणीतरी धरला! लालीबाईंचा पदर तोंडावर. मग पदर खाली… सुटला! माना उजवीकडे, आणखी उजवीकडे, "पय बे, पय! मागं पाहू नको!", अर्धा हॉल उभा, खुर्च्या आडव्या, आणि एकदम सगळे वर उडाले! रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की झाली ट्राय, पाच गुण, टेकवला पोरानं! सगळे पडद्याकडे पाहून ओरडत होते. लालीबाई तेवढ्या माझ्याकडे पाहत होत्या. ती नजर मला फार वेळ झेपली नाही. मी नारळाकडे पाहिलं.

मग काय, गुलाल, ताशा, पेढे! मीही खाल्ला. तेवढ्यात धम्मरत्नचा फोन. मी म्हटलं, "अभिनंदन!" तो म्हणतो, "बाबा, सव्वीस-पाच हरलो आम्ही."

हरलो? मग हा ताशा कसला? बशीरभाई म्हणाले, "हारे तो क्या, मास्तर! पाच के पाच तो अपनेच हैं!"

धम्मरत्न विचारतो, "माझी ट्राय पाहिली का?"

"पाहिली."

"मग सांगा, कोणत्या कोपऱ्यात टेकवला?"

मी म्हटलं, "लालीबाईंच्या उजव्या हाताला. अगदी टोकाला."

फोनवर तो हसतोय की काय करतोय, कळेना. मग म्हणाला, "बरोबर आहे, बाबा."

तर आता उद्या दहाला गटातली पुढची मॅच. इंद्रजीत म्हणतो, "सर, आज तुमची लय गैरसोय झाली. उद्या तुमी खाली बसा, पहिल्या रांगेत, आरामात पाहा." वा! म्हटलं, शहाणा झाला पोरगा. "उद्याचा सत्कार लालीबाईचा ठेवला हाये."

आता सांगा! ती बाई वर, पडद्याकडे पाठ करून, हातात नारळ, आणि समोर मी! ती मॅच कुठं पाहणार? माझ्याच तोंडावर ना? म्हणजे चौदा मिनिटं मला तोंड नीट ठेवायचंय हो, मान योग्य वेळी योग्य बाजूला वळवायचीय, चूक झाली तर तिची मॅच बुडाली… उद्याही माझं पाहणं राहिलंच म्हणायचं!