आधी घोडा

एकोणीसशे सत्तावन सालच्या हिवाळ्यात भास्कर जर्मनीतल्या आखन शहराच्या एका दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसला होता. शेजारी दोन वयस्क बायकांचं बोलणं चाललं होतं, आणि आता त्याला एवढं जर्मन सहज कळायचं.

“तुमचे यजमान रशियात घोडदळात अधिकारी होते म्हणे?”

“होते ना. यादवीत हरले आणि देश सोडला. बोटीत घोड्यांना जागा नव्हती, यांची घोडी धक्क्यावरच राहिली.”

“अरेरे. मग इथं?”

“इथं कोळशाची गाडी हाकली. पण घोड्याला चारा घातल्याशिवाय स्वतः कधी घास घेतला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहुणे ताटकळले, आणि हे आपले तबेल्यात.”

“तुम्ही चिडत नव्हतात?”

“चिडायची की. गरम सूप कसलं ते माहीत नाही मला.”

“आता तर मालकानं ट्रक घेतलाय. आता वेळेवर जेवत असतील.”

“छे. सवय जाते थोडीच.”

तेवढ्यात तिच्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यानं कागदातून लोणी लावलेला पाव काढला, मोठा तुकडा बायकोपुढे धरला आणि तिचं खाऊन होईपर्यंत उरलेला तसाच हातात घेऊन बसला.

“पाहिलंत?” ती सावकाश चावत म्हणाली. “आता घोडा मी.”