थुंकी साफ निघाली

दवाखान्याच्या रांगेत उभं राहून त्याचे पाय भरून आले होते. पुढे बहीण-भावाचं चाललं होतं.

"थुंकीत टीबी नाही म्हणाले ना? चल ताई घरी."

"एचआयव्ही असला की थुंकीत सापडेलच असं नाही, म्हणाली नर्स. टीबीसाठी लघवीही तपासायचीय."

"रक्त झालं, थुंकी झाली. घाम तेवढा राहिला."

"महिन्यात दोनदा पट्टा आवळलास. गुमान दे."

"थकलोय गं. पुढच्या आठवड्यात बघू."

मागे उभ्या असलेल्या त्याला राहवेना. "आजच द्या, दादा. आमच्या हिचीही थुंकी साफच निघाली होती. आम्ही सुटलो म्हणून घरी गेलो."

"आता कशा आहेत वहिनी?"

"तिच्या उरलेल्या गोळ्या परत करायला आलोय."

"ताई," भाऊ म्हणाला, "बाटली दे."