चार चाकं आहेत, चारही राबू देत की!

...अहो, वळणावर गाडी हिसके देणारच, हे तुम्ही आज सांगताय, मला तेव्हा कुठं ठाऊक? तुम्हाला सांगतो, शहाण्णव साली आम्ही बंगळुरात, राजाजीनगरात, शामियान्याच्या धंद्याला जुनी पिकअप घेतली, चारही चाकांना जोर देणारी! गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा. विकणारे विठोजी अण्णा बजावतायत, ‘टार रोडवर दोन चाकं, चिखलात चार, फारच रुतली तर चार लो, चाल हळू पण जोर दांडगा. सरी, कळलं ना?’ मी म्हटलं ‘सरी सरी’, आणि हॉर्न वाजवून बघितला. काय हॉर्न होता हो! मनात म्हटलं, दोघांनी राबायचं आणि दोघांनी नुसतं हिंडायचं, हा कुठला न्याय? चार चाकं आहेत, चारही राबू देत की!

तर मेव्हण्याची, हंबीररावांची, देवनहळ्ळीकडं नव्या लेआउटात वास्तुशांत. पाहुणे उपाशी, आणि सगळं जेवण माझ्या गाडीत! शेजारी बायको संयोगिता, मागं हुळीचं, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराचं, पातेलं कवटाळून आचारी भीमाचार्य. कोरडा ठणठणीत डांबरी रस्ता, दांडा चारवर. वळण आलं की स्टिअरिंग जड, पुढच्या चाकांना लांबून जायचंय, मागची म्हणतात आमच्याच चालीनं चला... धाडकन हिसका! मागून आरोळी, ‘अय्यो राव, हुळी!’ संयोगिता म्हणते, ‘अहो, दोनवर घ्या.’ मी म्हटलं, चार चाकं आहेत, चारही राबू देत की! पुढच्या वळणाला अर्धी हुळी भीमाचार्यांच्या धोतरावर.

मग मात्र मी चिडलो, दांडा ओढून दोनवर आणला आणि जाहीर केलं, ‘आता मेलो तरी ह्याला हात लावणार नाही!’ गाडी गुमान चालू लागली. आणि नशीब बघा, लेआउटच्या तोंडाशीच ढोपरभर चिखल! मागची चाकं जागीच गरगर, समोर मांडव दिसतोय, हंबीरराव हात हलवतायत, ‘दाजी, भात कुठाय भात?’ मला तर रडूच यायचं बाकी होतं, पण शब्द दिलेला ना!

संयोगिता शांतपणे म्हणाली, ‘क्लच दाबा.’ दाबला. तिनं हात घालून दांडा चार लोवर टाकला. ‘आता सोडा, सावकाश.’ गाडी गुरगुरत सरळ मांडवापाशी! टाळ्या पडल्या... तिला!

‘तुला कसं गं येतं हे?’

‘तुम्ही हॉर्न वाजवत होतात, तेव्हा मी अण्णांचं ऐकत होते.’

हुळी स्वल्प पातळ वाढली, पाहुण्यांनी भुरकून संपवली, मीही होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, चापून खाल्ल्या. तेव्हापासून मोठा दांडा माझा, छोटा तिचा. कुठं किती चाकं राबायची ते तीच ठरवते... गाडीत काय, घरात काय! माझी तक्रार नाही हो. हॉर्न आहे ना माझ्याकडे!