तीसच्या नळीला उंच कडी

नाहीत म्हटलं ना, अबा — असती तर दिली नसती का? तुमची ही बंदुकीवर बसवायची दुर्बीण जाड नळीची, तीस मिलिमीटरची, आणि माझ्याकडची कडी आहेत इंचाची, म्हणजे पंचविसाच्या थोडी वर. नाही बसणार. दाबून? दाबून कशी बसेल, ती काय टोपी आहे? उलटं असतं, नळी बारीक आणि कडं मोठं, तर लोक काहीतरी करतात — आमच्या दुकानांच्या रांगेतल्या एकाने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवली होती, तिसऱ्या गोळीला दुर्बीण पुढे आणि हा मागे. लांडगा उभा राहून बघत होता म्हणे. चहा घ्या ना. दूध घातलंय, मीठ तुमच्या हाताने घाला. बसा, त्या स्टुलावर बसा, हलतं पण पडत नाही.

आणि खरं सांगू का, कडी मिळाली तरी ही दुर्बीण तुमच्या बंदुकीवर शोभायची नाही. वाईट कोण म्हणतंय, काच तर झकास आहे — पण हिचं पुढचं तोंड बघा केवढं, चहाच्या वाडग्याएवढं. ते बंदुकीच्या नळीला टेकता कामा नये, मधून कागद सरकला पाहिजे, म्हणजे कडी उंच हवीत. कडी उंच झाली की डोळा वर न्यायचा, डोळा वर नेला की गाल दस्त्यावरून सुटला, हवेत. आता हवेत गाल ठेवून मारता येत नाही असं नाही — कालमुर्झा अबा मारतात की, गाडीत बसून, खिडकीतून. पण तुम्ही चढावर पालथे पडून मारता. तुम्हाला लहान तोंडाची दुर्बीण बरी, बुटक्या कड्यांत बसणारी. काय? कालमुर्झा अबांनी दिली हे मला कसं माहीत? अख्ख्या नारीनच्या बाजाराला माहीत आहे, अबा. बिश्केकहून मागवली, तुमच्या दारात आणून दिली आणि म्हणाले, ओमुरझाक, तुझे डोळे आता थकले, ही लाव — चारचौघांत म्हणाले. आणि रविवारी त्यांच्या घरच्या बायका येणार, त्यांच्या मुलासाठी, तुमच्या मुलीच्या कानात बाळ्या घालून सोयरीक पक्की करायला. तेही माहीत आहे. मला काय त्याचं, मी नुसतं ऐकलं. भेट वापरली म्हणजे शब्द दिला, ही आपली रीत मी तुम्हाला काय सांगणार — एकदा ही बंदुकीवर चढली की त्यांना वेगळं विचारायचंही कारण नाही.

उठलात? कुठे, पलीकडच्या दुकानात? त्याच्याकडे नका जाऊ. नाही, त्याच्याकडे मिळतीलही कडी, पण तो पाना असा आवळतो की घोड्याचा नाल ठोकतोय, नळीला खळगा पडतो, मग आतली फुली फिरवून फिरवून माणूस म्हातारा होतो, गोळी आपली डावीकडेच — अबा, थांबा. बसा. आहेत. कडी आहेत. या खालच्या खणात, तीसची, उंच, एकच जोडी. ही बघा. मग नाहीत का म्हटलं? चुकून. म्हणजे, चुकून नाही. पण त्याने या नळीला खळगा पाडलेला मला बघवणार नाही, दुर्बीण कोणाची का असेना. बंदूक द्या इकडे. बोल्ट मागे ओढतो — रिकामी आहे, तुम्हीही बघून घ्या, दोघांनी बघायचं असतं.

आधी बंदुकीवरची ही पट्टी स्पिरिटने पुसायची, तेल राहिलं की स्क्रू आज ना उद्या सुटणार. आता कड्यांचे खालचे अर्धे भाग, हे असे, एकमेकांच्या रेषेत — त्यावर दुर्बीण नुसती झोपवायची, वरून टोप्या ठेवायच्या, स्क्रू बोटांनीच, पाना अजून नाही. मागच्या भिंतीवर ती दोरी दिसते ना, खाली नट बांधलेली? तो माझा ओळंबा. आतली उभी रेघ त्या दोरीवर आली पाहिजे, नाहीतर जवळचा लांडगा मिळतो आणि लांबचा नाही. आली. आता उभे राहा, भिंतीकडे, खांद्याला लावा. डोळे मिटून गाल ठेवा, मग उघडा. सगळं गोल स्वच्छ दिसतंय की कडेने काळं? काळं. थोडी पुढे घेतो. आता? हं. पण आता तुमच्या अंगावर पातळ जाकीट आहे, थंडीत येणार तो मेंढीच्या कातड्याचा कोट, म्हणजे दस्ता पुढे ढकलला जाणार आणि डोळा मागे राहणार. त्यात तुमच्या कोटाला उजव्या खांद्यात आतून नमद्याचा, जाड लोकरीचा, दुहेरी तुकडा लावलाय, राखाडी दोऱ्याने, तेव्हा आणखी अर्धं बोट धरून —

कोट. हो. तो कोट घालून तुम्ही बाजारात कधी आला नाहीत. बरोबर आहे तुमचं.

जिपारने सांगितलं, तुमच्या मुलीने. बाजाराच्या दिवशी ती समोरच्या रांगेत कुरुत, ते वाळक्या दह्याचे गोळे, विकते ना, तुम्हीच तर सोडता तिला तिथे, गिऱ्हाईक नसलं की इकडे येते, त्या स्टुलावर बसते — बसत नाही. उभी असते. दारातच उभी असते, अबा, दार उघडं असतं, दोन्ही फळ्या. ती बोलते आणि मी स्क्रू लावतो. मी एरवी बोलत नाही, कुणालाही विचारा, आई म्हणते याच्यापेक्षा आमचं घोडं बोलतं, आज काय झालंय मलाच कळत नाही. नाव मैरमबेक. वरच्या वस्तीवरचे आम्ही, वडील घोड्याखाली सापडून गेले त्यांचा मी मुलगा, हो, तेच ते, तुम्ही खांदा द्यायला आला होतात. मग आठवीतून शाळा सुटली. घर आहे, पत्रा यंदाच नवा घातला. सात पिढ्या मोजल्यात, तुमच्या आणि आमच्या, म्हाताऱ्यांना विचारून विचारून, कुठे जुळत नाही, म्हणजे नात्याची अडचण — हे मी तुम्हाला का सांगतोय? सांगणार नव्हतो. बसवून देणार होतो आणि तुम्ही जाणार होतात. ती? तिला मी विचारलं होतं, तुझं काय म्हणणं आहे. ती म्हणाली, यंदा लांडगे फार झालेत, अबांना ती दुर्बीण हवीच असेल तर मी काय म्हणणार. एवढंच म्हणाली. मग कुरुतची गोणी उचलून गेली. तुम्ही विचारलंत का तिला? म्हणजे तुम्ही विचारायलाच हवं असं नाही म्हणत मी. हातातला पाना जरा द्या, तुमच्या हातात आहे तो.

आता बोललोच आहे तर हेही सांगतो. मघाशी मी ही बोटभर मागे ठेवू शकत होतो. कोटासाठी ठेवली म्हटलं असतं, तुम्ही मान डोलावली असती. मग चढावर पालथे पडून, वर तोंड करून गोळी मारली असतीत — तसं पडलं की डोळा आपोआप पुढे सरकतो — आणि धक्क्याने दुर्बिणीची कड थेट भुवईत. अर्धचंद्र पडतो, पुसत नाही. रविवारी त्यांच्या घरच्या बायकांसमोर तुम्ही तो घेऊन बसला असतात, त्यांच्याच भेटीचा. चौथ्या स्क्रूपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. मग पुढे घेतली. ही बघा डोळ्यापासून चार बोटं, तुमची बोटं लावून मोजा. एक स्क्रू इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे — राहिली. कोटातही चालेल, जाकिटातही. गाल सुटेल, पण त्यावर दस्त्याला नमद्याची गादी बांधून देतो, पूर्ण सुटणार नाही. दुर्बीण त्यांची असली तरी चांगली आहे. लांडगा वाचायचा नाही.

काय? सोडवू? कोणता स्क्रू, हा? सगळे? अबा, केसभर इकडेतिकडे नाही हो, इतकी सरळ माझ्याकडून वर्षात एखादीच बसते. बरं. सोडवतो. हिच्या खोक्यात भरून देऊ? कालमुर्झा अबांकडे — आज? रविवारच्या आधी, हो, नंतर काय उपयोग. आणि लांडगे? दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या जुन्या लोखंडी खुणेवरूनच नेम धरणार म्हणता. डोळे थकलेले नाहीत. मी कुठे म्हटलं, ते म्हणाले. ही घ्या, पुसून ठेवलीय, बोटाचा ठसासुद्धा नाही. आणि हे मला हो नाही. कळलं. त्यांना नाही, एवढंच. तिला घरी गेल्यावर विचारणार. विचारा ना, अबा. विचाराच.

बंदूक राहिली तुमची. इथेच ठेवू? बरोबर आहे, भेट परत द्यायला जाताना खांद्यावर बंदूक बरी नाही दिसत. राहू द्या, कपाटाला कुलूप आहे, कुणी हात लावणार नाही. उद्या येता का न्यायला? तुम्हाला वेळ नाही. मग? जिपारला पाठवता? नाही हो अबा, तिच्या हाती कशी देणार, नियम आहे, ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच हाती द्यायची, सही घेऊन, आणि तपासणीवाले हल्ली इतके कडक झालेत की साधा पट्टा द्यायचा म्हटला तरी —

नाही. काही नियम नाही. पाठवा.