बैलगाडीनं आलेली बाई

माझ्या बायकोचं, मेघनाचं मन इथे अमेरिकेत कसं रमलं, ते सांगितलंय का तुम्हाला? लग्न होऊन ती नाशिकहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली, "मला नाही जमायचं इथे. मी परत जाते."

बर्फ वितळल्यावर मी तिला एक जुनं घर बघायला नेलं. दोनेकशे वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा वस्तीला आलेल्या पायोनियर कुटुंबाचं ते घर. आता म्युझियम आहे, पण आत काम करणारी माणसं त्याच काळातली असल्यासारखी वागतात. चुलीपाशी लांब झगा घातलेली एक बाई होती. मी मुद्दाम विचारलं, "वायफाय आहे का?"

"असलं काही ऐकलं नाही बाई कधी," ती म्हणाली. "आम्ही बैलगाडीनं आलो, पूर्वेकडून."

आजूबाजूचे पाहुणे हसले. मेघनानं मात्र अगदी मनापासून विचारलं, "मग तुम्हाला इथे करमायला किती दिवस लागले?"

बाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? मी टेक्सासहून आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे. पहिला हिवाळा रडून काढला. मग हे काम धरलं. दुसरा बरा गेला."

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. निघताना मेघनानं तिला रविवारी जेवायला बोलावलं. तेवढ्यात नवे पाहुणे आत आले. बाईनं लगेच झगा सावरला आणि मोठ्यानं विचारलं, "येईन, पण बैल कुठे बांधू?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच खळखळून हसत मेघना म्हणाली, "बिल्डिंगच्या मागे गेस्ट पार्किंग आहे!"