न फोडलेलं बोल्टचं पाकीट

आधी हे लिहा, की आम्हा दोघींना सकाळी बोलावलं आणि ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. हवालदार म्हणाले, हे जबाबात बसत नाही. म्हटलं, मी बसले ना एवढा वेळ, मग हेही बसेल.

जबाब देणार: गाडी चालवणाऱ्या मुलीची आजी, आईची आई. वय सत्तरच्या वर. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. धंदा कपडे धुणे व इस्त्री. राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी व माझी नात वरील ठिकाणी राहतो. नातीची आई नाही. त्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. दवाखान्याच्या चादरी धुऊन पोचवायचं काम आमच्याकडे आहे. त्यासाठी एक जुनी बिनक्लचची गाडी आहे. ती नात चालवते. परवाना तिच्या नावावर आहे, तो सध्या तुमच्या कपाटात आहे. तो मिळाला नाही तर चादरी डोक्यावरून न्याव्या लागतील.

मागे ही गाडी चढावर धापा टाकायला लागली. गॅरेजच्या मिस्त्रीने सांगितलं, टॉर्क कन्व्हर्टर गेला. तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतो, दिसायला भोपळ्यासारखा डबा. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून दुसऱ्या बनावटीचा मागवला. त्याच्यासोबत त्याचे बोल्ट पाकिटात आले होते.

काम चाललं तेव्हा मी तिथेच टायरवर बसले होते. गाडी परक्याच्या हातात देऊन घरी जायची मला सवय नाही. मिस्त्रीने पाकीट हातावर तोललं आणि म्हणाला, "आजी, ही बघा, बाळाची बोटं. आणि जुने बघा, कसे लांब, दणकट!"

नात म्हणाली, "काका, डबा दुसरा आहे, तर त्याच्यासोबतचेच लावा ना. जुने लांब होतील."

तो म्हणाला, "तू गाडी चालव, पाना मी चालवतो."

त्याने जुनेच लावले. पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. "ठेवा, पडद्याची दांडी बसवायला होतील." गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं मी एका डब्यात ठेवते, त्यात ते टाकलं.

घटनेच्या दिवशी चादरी भरून आम्ही बाजारातल्या चढाने जात होतो. मी नातीच्या शेजारी होते. खालून टणटण आवाज आला, मग इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाकांनी काम सोडलं. गाडी मागे सरकली. नातीने पायाचा ब्रेक दाबला, हाताचाही ओढला. गाडी थांबली, पण त्याआधी शिंप्याच्या दुकानाच्या पायरीला लागली. शिंपी पायरीवर बसून काजं करत होता. त्याचा पाय मोडला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत नात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. लोक तिला काय काय बोलले ते मी लिहून देत नाही.

मिस्त्रीने तुमच्याकडे सांगितलं, की त्याने पाकिटातलेच नवे बोल्ट लावले, मुलीने अ‍ॅक्सिलेटर जोरात दाबला म्हणून ते तुटले. चढावर गाडीला फुंकर मारायची होती का?

काल गाडी तपासणाऱ्या साहेबांनी डबा उतरवला, तेव्हा मी उभी होते. ते म्हणाले, बोल्ट लांब, ते भोकाच्या तळाला टेकले. पाना अडला, मिस्त्रीला वाटलं आवळले गेले. इंजिन आणि डब्याच्या मधली तबकडी सैलच राहिली आणि हलून हलून बोल्ट तुटले.

संध्याकाळी मिस्त्री लॉन्ड्रीत आला. "आजी, ते पाकीट द्या. माझं आहे."

"तुझं? मग गाडीत लावलेस ते कुणाचे?"

तो म्हणाला, "पोर तरुण आहे, सुटेल कशीतरी. माझं गॅरेज बसेल हो."

"ठाण्यात ये, तुझं म्हणून सही कर आणि घेऊन जा."

तो गेला. नात आतच होती, तिने सगळं ऐकलं. पाकीट आज मी तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. अजून फोडलेलं नाही. गाडी तपासणाऱ्या साहेबांनी डब्यावरचा नंबर पाकिटावरच्या नंबराशी लावून बघितला, तो एकच आहे.

नातीने त्या दिवसापासून गाडीला हात लावलेला नाही. ती घरी इस्त्री करते. काल तिने दोन चादरी जाळल्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हवालदारांनी हे सगळं मोठ्याने वाचलं. "अपघात मुलीच्या हातून झाला" असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे. अंगठा नको, मला सही येते. मुलीला चार वेळा विचारून झालं, चारही वेळा तिने एकच सांगितलं. आता तिला घरी सोडा, मिस्त्रीला बोलवा, पाकीट त्याच्यासमोर ठेवा आणि उत्तर त्याच्याकडून घ्या.